गळतो तो जोड

सकाळी साडेसहाला दाराची बेल वाजली, की दूधवाला असतो. नाहीतर काहीतरी बिघडलेलं असतं. जुलै २०२२ मधल्या त्या सकाळी दूध येऊन गेलं होतं. दार उघडलं तर खालच्या मजल्यावरच्या वहिनी उभ्या. हातात स्टीलची वाटी, वाटीत चार चमचे पाणी.

"भाऊजी, हे तुमचं पाणी," असं म्हणून त्यांनी वाटी माझ्या हातात दिली. आवाजात राग नव्हता. पस्तीस वर्षांचा शेजार. त्या वाटीतून आजवर श्रीखंड गेलं, कैरीची डाळ आली, संक्रांतीचा हलवा गेला. पाणी पहिल्यांदाच आलं होतं.

कोथरूडमधली आमची चारमजली इमारत १९८६ सालची. आम्ही तिसऱ्या मजल्यावर, वहिनी दुसऱ्यावर. त्यांचे यजमान माझे पत्त्यातले भिडू. ते गेल्यापासून त्यांचा फोटो वहिनींच्या दिवाणखान्यात, आमच्या बाथरूमच्या भिंतीलगतच्या भिंतीवर असतो. खाली जाऊन पाहिलं, तर छताच्या त्या कोपऱ्याला ताटाएवढी ओल, रंगाचे पोपडे सुटलेले आणि मधोमध एक थेंब, पडू की नको अशा विचारात लोंबकळत असलेला.

तुम्ही म्हणाल, रविवारी सकाळी चहाबरोबर ही पाइपांची कथा कशाला? पण ज्यांच्या छताला ओल आली आहे, किंवा ज्यांच्यामुळे दुसऱ्याच्या छताला आली आहे, त्यांना विचारा. घर घेताना आपण टाइल्सचा रंग निवडायला चार दुकानं पालथी घालतो, नळाची तोटी चकचकीत हवी म्हणून भांडतो. भिंतीच्या आत काय आहे, हे मात्र विचारत नाही. मीही विचारलं नव्हतं. त्या अज्ञानाची आणि त्याहून जास्त माझ्या अर्धवट ज्ञानाची ही गोष्ट आहे.

लोखंडाचे दिवस

आमचे प्लंबर मूळचे ओडिशातल्या केंद्रपाडा जिल्ह्यातले. त्या जिल्ह्यातला पट्टामुंडाईचा परिसर प्लंबरांसाठी देशभर ओळखला जातो. तिथून निघालेली माणसं मुंबई-पुण्यापासून दिल्लीपर्यंत लोकांच्या घरात पाणी खेळवतात. आमचे मिस्त्री वीस वर्षं पुण्यात आहेत. मराठी चांगलं बोलतात. फक्त रागावले की उडिया बोलतात, त्यामुळे काय म्हणाले ते कळत नाही आणि संबंध टिकतात.

त्यांनी टाइल्स फोडल्या. आत जी. आय.चा, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाचा पाइप. सरळ भाग बराच धड होता. कुजला होता तो एल्बो, जिथे पाइप वळतो तो सांधा. "काका, पाइप नाही गळत. गळतो तो जोड," मिस्त्री म्हणाले. मग त्यांनी कारण दाखवलं. लोखंडी पाइप जोडायचा म्हणजे त्याच्या टोकाला आटे पाडायचे. आटे पाडले की तिथला जस्ताचा मुलामा खरवडून जातो. वर काथ्या आणि सफेदा लावून पाइप पान्याने आवळला, तरी आतलं लोखंड उघडं पडलेलंच असतं. गंज तिथूनच सुरू होतो. पस्तीस वर्षं टिकला, हेच नशीब.

मिस्त्रींचं म्हणणं, सगळी लाइनच बदला. मी निवृत्त बँक कर्मचारी. आयुष्यभर दुसऱ्यांच्या कर्जाचे अर्ज नाकारलेले. स्वतःच्या खर्चालाही सहज मंजुरी देत नाही. मी म्हटलं, सध्या कुजलेला तेवढाच भाग बदलू. आणि मग मला माझी अमेरिकेतली विद्या आठवली.

तळघरातली शाळा

२०१९ च्या उन्हाळ्यात आम्ही दोघं लेकीकडे न्यू जर्सीला गेलो होतो. पहिले पंधरा दिवस कौतुकात गेले. पुढे काय करायचं? जावईबापूंना सुट्टीच्या दिवशी घराची दुरुस्ती स्वतः करायची हौस. मी त्यांच्यामागे तळघरात जाऊन बसू लागलो.

तिथलं दृश्य पाहून मी थक्क झालो. छताच्या तुळयांमधून लाल आणि निळे पाइप वेलीसारखे गेलेले. लाल गरम पाण्याचा, निळा थंड. कुठे वळण आलं की पाइपच वळवलेला. एल्बो नाही, आटे नाहीत. याचं नाव पेक्स. साध्या पॉलिथिनच्या रेणूंच्या लांबलचक साखळ्या असतात. त्या एकमेकींना आडव्या बांधून टाकल्या, की प्लास्टिक गरम पाण्याने पातळ होत नाही आणि ताणलं तरी मूळ आकाराकडे परत येतं. सुट्या धाग्यांची लड आणि विणलेलं कापड यांत जो फरक, तोच हा. यातला पेक्स-ए हा प्रकार जर्मनीतल्या थॉमस एंगेल यांनी शोधला. १९७० च्या दशकात स्वीडनमध्ये त्याचे पाइप बनू लागले आणि पुढे जगभर गेले. थंड देशांत त्याचं कौतुक जास्त, कारण आतलं पाणी गोठलं तर तो थोडा फुगून तग धरतो. कधी फुटतच नाही, असं मात्र नाही.

"पण बाबा, याला डिंक चालत नाही," जावई म्हणाले होते. आपल्याकडे सी. पी. व्ही. सी.चे जे कडक पाइप सर्रास वापरतात, त्यांना सॉल्व्हंट लावून जोडतात. ते सॉल्व्हंट दोन्ही पृष्ठभाग जरा विरघळवतं आणि दोन्ही तुकडे एकजीव होतात. पॉलिथिनला असलं काही लागू पडत नाही. दुधाची पिशवी फाटली तर ती डिंकाने चिकटवून पाहा, म्हणजे कळेल. तेव्हा पेक्स जोडायचा तो आवळून, पकडून किंवा ताणून. लेकीच्या घरात तिन्ही प्रकार होते. दुरुस्तीसाठी ठेवलेले काही जोड मात्र जादूचे वाटावेत असे. पाइप आत ढकलायचा, 'टक्' असं काहीतरी जाणवतं आणि काम झालं! आत पोलादी दात पाइपाला धरून ठेवतात आणि रबराची गोल कडी पाणी अडवते. ना पाना, ना हत्यार. याला पुश-फिट म्हणतात. परतताना जावयांनी हौसेने असे दोन जोड माझ्या बॅगेत टाकले.

आणखी एक गोष्ट त्यांनी सांगितली होती, जी मी नीट ऐकली नाही. ते घर १९८० च्या दशकातलं. आधीच्या मालकाने त्यातले मूळचे राखाडी पाइप काढून पेक्स घातला होता. ते राखाडी पाइप पॉलिब्युटिलीन नावाच्या प्लास्टिकचे. १९७८ पासून १९९५ पर्यंत अमेरिकेत लाखो घरांत ते बसवले गेले. स्वस्त, लवचीक, बसवायला सोपे. मग घरोघरी गळती सुरू झाली. पुष्कळ ठिकाणी आधी दगा दिला तो प्लास्टिकच्या जोडण्यांनी. पाण्यातल्या क्लोरीनने त्या ठिसूळ होऊन तडकत. प्रकरण कोर्टात गेलं आणि १९९५ मध्ये कंपन्यांना पंचाण्णव कोटी डॉलरची तडजोड मान्य करावी लागली. मिस्त्री आमच्या बाथरूममध्ये एका वाक्यात जे बोलले, ते शिकायला तिकडे एवढी किंमत मोजावी लागली.

हुशारी नडली

तर परत कोथरूड. मी मिस्त्रींना ऐटीत सांगितलं, की आपण पेक्स घालू. त्यांना तो माहीत होता. मोठ्या इमारतींच्या कामावर त्यांनी पाहिला होता. दुकानात चौकशी केली, तर एक कापून उरलेला तुकडा स्वस्तात मिळाला. घरी येऊन मोजला तर दोन फूट कमी. दुसरा छोटा तुकडा होता, पण मग भिंतीच्या आत मधोमध एक जोड येणार.

मिस्त्री म्हणाले, "काका, मी परत जातो, लांब पाइप आणतो. भिंतीत जोड नको."

बाहेर टाइल्सवाला गवंडी बसून होता. त्याची रोजी चालू होती. मी कपाट उघडून अमेरिकेचा जोड आणला. मिस्त्रींनी तो हातात घेऊन फिरवून पाहिला, पाइपाच्या टोकाला लावून पाहिला. "माप थोडं वेगळं वाटतं," ते म्हणाले. "जातोय ना आत? मग झालं," मी म्हणालो. ते उडियात काहीतरी बोलले. पाइप मीच कापला, करवतीच्या पात्याने. मीच ढकलला. 'टक्' जाणवलं. गवंड्याने संध्याकाळच्या आत टाइल्स लावल्या. मी वहिनींना खाली जाऊन सांगितलं, "आता पन्नास वर्षं बघायला नको."

सात महिने बघावं लागलं नाही. दिवाळीच्या आधी वहिनींनी छत खरवडून घेतलं, दिवाणखान्याला नवा रंग काढला, यजमानांचा फोटो पुन्हा त्याच जागी लावला. फेब्रुवारी २०२३ मध्ये बेल वाजली. या वेळी वाटी नव्हती. "भाऊजी, जरा खाली या," एवढंच.

ओल या वेळी छतावरून भिंतीत उतरली होती. फोटोच्या काचेच्या आत पाणी शिरलं होतं आणि माझ्या भिडूच्या खांद्यावर तपकिरी डाग पसरला होता. मी दुरुस्तीचा, रंगाचा सगळा खर्च देतो, असं म्हणालो. वहिनी म्हणाल्या, "खर्चाचं काय घेऊन बसलात?" आणि आत निघून गेल्या. पस्तीस वर्षांत त्यांनी मला चहा न विचारता पाठवलं, ते त्या दिवशी पहिल्यांदा. पुढचे तीन आठवडे जिन्यात भेटल्या तर नजर पिशवीतल्या भाजीकडे. सोसायटीच्या सेक्रेटरींचं पत्र आलं. ते मला एवढं लागलं नाही.

भिंत पुन्हा फोडली. अपेक्षेप्रमाणे पाइप दोन्ही बाजूंना धडधाकट. पाणी पाझरत होतं ते अमेरिकेच्या जोडातून. तोही बिचारा निर्दोषच. रात्री जावयांना फोन लावला. त्यांनी तीन प्रश्न विचारले आणि तिन्ही प्रश्नांत मी नापास झालो.

"पाइपाचं माप काय होतं?" पाइप मिलिमीटरच्या मापाचा, बाहेरचा व्यास सोळा मिलिमीटर. जोड अमेरिकेतल्या अर्ध्या इंची मापाचा, म्हणजे १५.९ मिलिमीटरच्या पाइपासाठी. फरक अक्षरशः केसाएवढा. पाइप आत गेला खरा, पण अडखळत, रबराची कडी घासत.

"कापलेली कड साफ केली होती का?" करवतीने कापल्यावर कडेला कुसं उठतात. पाइप कापायची खास कात्री असते, तिने काटकोनात कापून कड गुळगुळीत करायची असते. माझ्या कुसांनी रबरी कडीला चरा पाडला होता.

"किती खोल गेला पाहिजे, त्याची खूण पाइपावर केली होती का?" खूण केली नव्हती. तो पुरता आत गेलाच नव्हता. मला जाणवलेलं 'टक्' दातांचं होतं, तळाचं नव्हतं.

"आणि बाबा," ते शेवटी हळूच म्हणाले, "मी तो तळघरात वापरतो. तिथे तो मला रोज दिसतो."

चार जोड, चार स्वभाव

त्यानंतर मी आणि मिस्त्री स्वयंपाकघरातल्या टेबलावर समोरासमोर बसलो. मी पहिल्यांदाच त्यांना विचारलं, "तुम्ही सांगा, काय करायचं?" ते काही दिवसांनी ओळखीच्या एका कारागिराला घेऊन आले. त्याच्याकडे सगळी हत्यारं होती. एका दुपारी त्या दोघांनी मला टेबलावर चारही जोड करून दाखवले.

पहिला क्रिम्पचा. पाइपावर तांब्याची कडी सरकवायची, पाइपात पितळी जोडाचं टोक घालायचं आणि लांब दांड्यांच्या पकडीने कडी सगळीकडून सारखी दाबायची. कडी पाइपाच्या टोकापासून तीन ते सहा मिलिमीटर आत असली पाहिजे. दाबल्यावर एक छोटी पट्टी लावून माप तपासतात: एका खाचेत कडी बसली पाहिजे, दुसरीत बसता कामा नये. हा जोड स्वस्त आणि भरवशाचा. मात्र पट्टी लावण्याचा कंटाळा करणाऱ्या माणसासाठी नाही. शिवाय पकडीचे दांडे फाकायला जागा लागते. कमोडच्या मागच्या कोपऱ्यात ते फाकत नाहीत.

दुसरा क्लॅम्पचा. इथे स्टेनलेस स्टीलची पट्टीची कडी. तिला एक कान असतो. तो कान चिमटला की कडी आवळते. हत्यार एकाच बाजूने लागतं, म्हणून अडचणीच्या जागी सोपं; आणि एकाच हत्याराने सगळ्या मापांच्या कड्या आवळता येतात. घरगुती दुरुस्तीला हा बरा.

तिसरा एक्स्पान्शनचा, म्हणजे ताणण्याचा. यासाठी पेक्स-ए लागतो. पाइपाच्या टोकावर त्याच प्लास्टिकची कडी चढवतात आणि हत्याराच्या निमुळत्या टोकाने पाइपाचं तोंड कडीसकट मोठं करतात. प्रत्येक वेळी हत्यार थोडं फिरवायचं, नाहीतर आत खाचा पडतात आणि पाणी तिथून वाट काढतं. मग जोड चटकन आत घालायचा आणि धरून ठेवायचा. काही सेकंदांत पाइप आपला मूळ आकार आठवत आकसतो आणि जोडाला मिठी मारतो. पाणी सोडण्यापूर्वी थोडा वेळ द्यावा लागतो, थंडीत जास्त.

चौथा पुश-फिट. त्याच्याबद्दल माझ्याकडून नव्याने ऐकण्यासारखं काही उरलेलं नाही. रात्री अकराला पाइप फुटला आणि घरात हत्यार नसलं, तर त्याच्यासारखा मित्र नाही. योग्य मापाचा, साफ कापलेला, दिसेल अशा जागी असेल तर तो वर्षानुवर्षं काम करतो. पण त्याचा सगळा भरवसा रबराच्या एका कडीवर, आणि ती भिंतीत गाडायला मी आता धजणार नाही.

निवड करताना मिस्त्रींनी एक मुद्दा काढला, जो अमेरिकेत निघाला नसता. तिकडच्या घरांत पाण्याचा दाब साधारण तीन ते साडेपाच किलो असतो. आपल्याकडे गच्चीवरची टाकी. दहा मीटर उंचीला एक किलो दाब, या हिशेबाने आमच्या नळाला पाऊण किलोही धड मिळत नाही. यातून दोन गोष्टी निघतात. एक, दाब कमी म्हणून चुकीचा जोड लगेच फवारा मारत नाही; महिनोन् महिने पाझरत राहतो आणि खालच्याला कळतं तेव्हा उशीर झालेला असतो. दुसरी, पाइपाचं भोकच बारा मिलिमीटरच्या आसपास. क्रिम्प किंवा क्लॅम्पच्या जोडाचं टोक त्याच्या आत शिरतं आणि वाट आणखी अरुंद करतं. ताणलेल्या पाइपात मोठं टोक बसतं, त्यामुळे पाण्याची वाट जवळजवळ मोकळी राहते. कमी दाबाच्या घरात हा फरक शॉवरखाली उभं राहिल्यावर जाणवतो.

म्हणून आम्ही एक्स्पान्शन निवडलं. हत्यार महाग, पण ते आपण विकत घ्यायचं नसतं. ते ज्याच्याकडे आहे आणि ज्याचा हात त्यावर बसला आहे, असा माणूस बोलवायचा. पाइप, कडी आणि जोड तिन्ही एकाच बनावटीचे, एकाच मापपद्धतीचे घेतले. जोड पितळी असतील तर साध्या पितळेचे नकोत. काही पाण्यांत पितळेतलं जस्त विरघळून निघून जातं आणि मागे सच्छिद्र, ठिसूळ तांबं उरतं. तसं न होणारं खास पितळ मिळतं, ते मागून घ्यायचं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: भिंतीच्या पोटात मध्ये कुठेही जोड नाही. बाथरूमच्या दारामागे एक छोटी पेटी केली, झाकण उघडता येईल अशी. टाकीचं पाणी तिथे येतं आणि तिथून प्रत्येक नळाला स्वतंत्र, अखंड पाइप जातो. प्रत्येक पाइपाला पेटीत स्वतःची चावी. नळाच्या तोंडाशी एक जोड येतोच, पण तो कुठे आहे हे माहीत असतं. पाइप जास्त लागला. पहिल्या वेळी मी वाचवलेल्या दोन फुटांच्या कितीतरी पट.

मिस्त्रींनी पाइप ताणून बसवला नाही, किंचित सैल सोडला. मला ते अघळपघळ वाटलं. ते म्हणाले, गरम पाणी आलं की हा वाढतो. हिशेब पाहिला: दहा मीटर पाइप, तापमान चाळीस अंशांनी वाढलं, तर लांबी सहा-सात सेंटिमीटरने वाढते. त्याला हालायला जागा ठेवली नाही, तर तो सगळा ताण जोडावर काढतो.

कुठे पेक्स नको, तेही सांगतो. गच्चीवर नको, उन्हातल्या अतिनील किरणांनी तो काही महिन्यांत खराब होऊ लागतो. गीझरच्या तोंडाला थेट नको. पहिला हात-दीड हात धातूचा पाइप ठेवावा. सोलरच्या टाकीपासून निघणाऱ्या लाइनलाही हेच. ८२ अंशांना सुमारे सात किलो दाब सोसण्याची त्याची क्षमता असते, पण उन्हाळ्यात वापर नसला की सोलरचं पाणी कुठवर तापेल याचा नेम नाही. आणि उंदीर असतील तिथे उघडा नको. दातांना धार लावायला त्यांना तो आवडतो.

काट्यावर नजर

टाइल्स लावण्याआधी मिस्त्रींनी सगळ्या नळांची तोंडं बंद केली, हातपंप जोडला आणि लाइनमध्ये सात किलो दाब भरला. रोजच्या दाबाच्या कितीतरी पट. पंपाच्या तबकडीवर काटा सातवर. दहा मिनिटांत तो साडेसहाच्या खाली आला. माझा चेहरा पडला. "घाबरू नका काका, पाइप फुगतोय," मिस्त्री म्हणाले. लवचीक पाइप दाबाखाली थोडा फुगतो, म्हणून काटा सुरुवातीला उतरतो. त्यांनी पुन्हा दाब भरला, पुन्हा थोडा उतरला, पुन्हा भरला. मग काटा स्थिर झाला. गवंडी या वेळीही बाहेर बसून होता. मी त्याला रोजी देऊन घरी पाठवलं आणि दुसऱ्या दिवशी यायला सांगितलं.

रात्री नऊ वाजता मी खाली गेलो. वहिनींनी दार अर्धवट उघडलं. म्हटलं, "वर येऊन एक काटा बघून जा. सकाळी पुन्हा बघायला या. तोवर भिंत बंद करणार नाही." त्या काही बोलल्या नाहीत, पण आल्या. चष्मा लावून तबकडी पाहिली. पेन्सिलीने काचेवर खूण करता येईना, म्हणून ह्यांच्या शिवणाच्या डब्यातल्या खडूने काट्याजवळ रेघ ओढली. स्वतःच्या हाताने.

सकाळी साडेसहाला बेल वाजली. वहिनीच होत्या. काटा रेघेवर होता.

ही गोष्ट सांगायचं कारण इतकंच, की आपल्या पिढीने बांधलेल्या इमारतींतले लोखंडी पाइप आता एकेक करून हात टेकतायत. तुमच्याही घरी एक दिवस कुणीतरी वाटी घेऊन येईल. तेव्हा पाइप कुठला, यावर दुकानदार तासभर बोलेल. तुम्ही जोडाबद्दल विचारा. तो पुन्हा दिसणार आहे का? तो करणाऱ्याचा हात त्यावर बसलेला आहे का? माप तपासायचं साधन त्याच्याकडे आहे का? सगळे भाग एकाच बनावटीचे आहेत का? आणि भिंत बुजवण्याआधी एक रात्र काट्यावर नजर ठेवायला तुमची तयारी आहे का? यांतल्या एकाही प्रश्नाचं उत्तर 'चालतंय हो' असं असेल, तर थांबा. माझ्या घरी ते वाक्य मीच उच्चारलं होतं.

माझ्या भिडूचा फोटो मी स्टुडिओत नेऊन डाग काढून आणला. मूळ प्रत घरच्या अल्बममध्ये होती, म्हणून निभावलं. आता तो समोरच्या भिंतीवर आहे. वहिनी म्हणतात, तिथे उजेड चांगला येतो. मीही तेच म्हणतो.

मार्चमध्ये ओटा आवरताना सौ.ला ती वाटी सापडली, जुलैपासून आमच्याकडेच राहिलेली. दुसऱ्याचं भांडं रिकामं परत करायचं नसतं. तिने शिरा केला, वर बदामाचे काप घातले आणि वाटी माझ्या हातात दिली. मी खाली गेलो. वहिनींनी वाटी घेतली, आधी वर छताकडे पाहिलं, मग शिऱ्याकडे.

"बसा भाऊजी," त्या म्हणाल्या. "चहा टाकते."